कॉन्फरन्सला सोबत आलेल्यांना नेमकं कुठं न्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तीन वर्षांपूर्वी प्रॅक्टिससाठी छत्रपती संभाजीनगरला आलात, डॉक्टरांच्या संघटनेच्या इथल्या शाखेकडे राज्य परिषद आली, आणि ज्युनिअर म्हणून सोशल कमिटी तुमच्या गळ्यात पडली. जानेवारीत शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस, सहाशेच्या आसपास डेलिगेट आणि त्यांच्या घरचे दीडशे सोबतचे. सगळ्यांना अजिंठा-वेरूळ दाखवायचं का, त्याचे पैसे रजिस्ट्रेशनमध्येच धरायचे का, हॉल रिकामे पडले तर सायंटिफिक कमिटीला काय तोंड दाखवायचं, असं तुम्ही विचारलंय. शेवटी हळूच एक घरगुती प्रश्नही आहे. त्याकडे शेवटीच येतो.

मी भूलतज्ज्ञ. याच गावात जन्म गेला, आणि लहान-मोठ्या अकरा परिषदांच्या पाहुणचारात हात काळे केलेत. म्हणून आधी माझीच एक गोष्ट ऐका. माझ्या पहिल्या परिषदेत आम्ही छापील पत्रिकेत ठळक अक्षरांत टाकलं होतं: 'सोमवारी अजिंठा दर्शन'. बावन्न सीटची बस भरली, पैसे जमा झाले. रविवारी रात्री दहाला बसचा ड्रायव्हर गाडी कुठं लावायची ते विचारायला आला आणि सहज म्हणाला, "साहेब, सोमवारी अजिंठा बंद असतंय." कमिटीत आम्ही बारा जण, बाराही जण इथलेच, पण एकालाही ते माहीत नव्हतं. गावातला माणूस शाळेच्या सहलीनंतर अजिंठ्याला जातोच कुठं? रात्री साडेअकरापर्यंत खोल्या-खोल्यांना फोन लावून सगळ्यांना वेरूळला वळवलं. एका प्राध्यापकांनी फोनवर इतकंच विचारलं, "वेरूळ तरी उघडं आहे ना?"

उघडं होतं. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद. परिषदा रविवारी संपतात, सोमवारी लोकांना फिरायचं असतं आणि नेमका तोच अजिंठ्याचा सुट्टीचा दिवस. हे एक वाक्य कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पिन करून ठेवा.

आता मूळ मुद्दा. काय दाखवायचं याची या गावात चिंताच नाही. अडतं ते कोण केव्हा मोकळं असतं यावर. डेलिगेट मोकळा असतो तो गुरुवारी, लवकर पोचला तर, नाहीतर थेट रविवारी दुपारनंतर. सोबतचा माणूस मोकळा असतो शुक्रवारी दुपारी आणि शनिवारी दिवसभर. दोघं एकत्र मोकळे असतात ते फक्त संध्याकाळी. एकच सहल आखून ती दोघांच्या माथी मारली की दोन गोष्टी होतात: शोधनिबंध वाचायला आलेला पीजी, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थी, दुपारच्या सेशनमधून पसार होतो, आणि त्याची बायको किंवा तिचा नवरा दोन दिवस हॉटेलच्या लॉबीत मोबाइल चार्ज करत बसतो. म्हणून सहली दोन प्रकारच्या करा, आणि त्यांची तिकिटंही वेगळी ठेवा.

सोबतच्यांसाठी माझी आखणी अशी असते. शुक्रवारी दुपारी वेरूळ. अंतर जेमतेम तीस किलोमीटर. बरेच जण शुक्रवारी सकाळी रात्रीच्या गाडीने शिणून आलेले असतात. त्यांना सकाळी झोपू द्या, जेवू द्या, आणि दीड वाजता बस काढा. दुपारच निवडायला आणखी एक कारण आहे. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे तीननंतर ऊन थेट कैलासावर येतं. सकाळी हेच सोळा नंबरचं लेणं सावलीत काळवंडलेलं दिसतं. चौतीस लेण्यांपैकी तीनच दाखवा. आधी कैलास, मग दहा नंबरची विश्वकर्मा, वेळ उरला तर जैन लेण्यांपैकी बत्तीस नंबर, आणि परतताना कैलास पुन्हा एकदा, वरच्या कड्यावरून. हे अख्खं देऊळ एकाच खडकातून, कळसापासून पायाकडे खोदत आणलंय, हे खाली उभं राहून कितीही सांगा, लोक मान डोलावतात. वरून पाहिलं की गप्प होतात.

शनिवारी अजिंठा, पण पहाटे. शंभर किलोमीटर म्हणजे अडीच तास धरा. साडेसहाला बस हलली तर नऊला फर्दापूरच्या टी-पॉइंटला पोचता. तिथून पुढचे चार किलोमीटर आपली बस जाऊ देत नाहीत. लेण्यांच्या वेगळ्या बसमध्ये बसावं लागतं, आणि शनिवारी साडेदहानंतर त्या बसची रांग पाहून रक्तदाब वाढतो. म्हणून नऊचा ठोका महत्त्वाचा. साडेबारापर्यंत लेणी, फर्दापूरला जेवण, दोनला परत, साडेचारला हॉटेल. बँक्वेटआधी साडी बदलायला, पाय चोळायला दोन तास मिळतात. एका परिषदेत एका मोठ्या पाहुण्यांच्या कुटुंबासाठी आम्ही बस पाऊण तास थांबवली होती. ती पाऊण तासाची उधारी पुढे रांगेत, उन्हात, जेवणात वाढत वाढत गेली आणि बस परतली रात्री आठला. तेव्हापासून माझा नियम आहे: साडेसहाची बस फार तर सहा चाळीसला सुटते, सीट कुणाचीही रिकामी असो. वाईटपणा यायचाच असेल तर एकाकडून येऊ दे, पन्नासांकडून नको.

अजिंठ्याला काही गोष्टी आधीच सांगून ठेवाव्या लागतात. चित्रांच्या लेण्यांत चपला-बूट काढावे लागतात, म्हणून लेसचे बूट नकोत आणि जानेवारीच्या सकाळी दगड बर्फासारखा असतो, तेव्हा मोजे हवेत. फ्लॅश चालत नाही. सुरुवातीच्या पायऱ्या गुडघ्यांची परीक्षा घेतात. ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. खुर्चीला बांबू बांधून चार माणसं उचलतात. पण बऱ्याच आयांना त्यात बसायची लाज वाटते. एका सर्जनच्या आई पायथ्याच्या बाकावर बसून राहिल्या, "तुम्ही बघून या" म्हणाल्या. मग त्यांच्याच वयाच्या दुसऱ्या बाई डोलीत बसल्या, तेव्हा कुठं याही उठल्या. आता मी पहिली डोली मुद्दाम कमिटीतल्याच कुणा ज्येष्ठांना घ्यायला लावतो. मग लाज मोडते.

आणि गाइड सरकारमान्यच घ्या, वीस-पंचवीस माणसांमागे एक. आपले लोक बुद्धाच्या जातककथांपेक्षा केस डिस्कशनमध्ये लवकर रमतात. सोळा नंबरच्या लेण्यात 'मरणासन्न राजकन्या' म्हणून प्रसिद्ध असलेलं चित्र आहे. मान कललेली, डोळे अर्धे मिटलेले, एक दासी मागून आधार देतेय. ती खरं तर नंदाची बायको सुंदरी, नवरा भिक्षू झाल्याची वार्ता ऐकून कोसळलेली. डॉक्टरांचा जथा तिच्यासमोर उभा राहिला की दर वेळी निदानावर वाद होतो. फिजिशियन म्हणतात व्हेसोव्हेगल, म्हणजे धक्क्याने आलेली घेरी, मानसोपचारवाले वेगळंच म्हणतात, आणि मला आपलं वाटतं की त्या दासीने तिला आधी आडवं झोपवायला हवं होतं.

आता डेलिगेटांची सहल. ज्यांना अजिंठाच बघायचाय त्यांनी गुरुवारी यावं, हे पहिल्या ईमेलमध्येच स्पष्ट लिहा. म्हणजे ते तिकिटं तशी काढतील. डिसेंबरच्या ईमेलमध्ये लिहून उपयोग नसतो, तोवर रेल्वेची वेटिंग लागलेली असते. सोमवारसाठी वेरूळ आणि दौलताबाद. रविवारी संध्याकाळी आरामात झोप, सोमवारी सकाळी किल्ला, दुपारी कैलास, रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई. दौलताबादला साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि मध्ये ती अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, वटवाघळांच्या वासाची. तिकीट घेतानाच विचारा: बारादरीपर्यंत चढणार की खाली चाँद मिनार पाहून चहा पिणार? दोन गट, दोन वेळा. न विचारता सगळ्यांना एकत्र नेलं तर अर्धे वर, अर्धे खाली, आणि बस सुटायला दोन तास उशीर. वेरूळला घृष्णेश्वरही आहे. अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेलं हे ज्योतिर्लिंग बहुतेकांना चुकवायचं नसतं. पण सोमवार म्हणजे शंकराचा वार, रांग मोठी. गाभाऱ्यात पुरुषांना शर्ट-बनियन काढून जावं लागतं, हेही आधीच सांगा. एका निवृत्त अधिष्ठात्यांना ते ऐनवेळी कळलं आणि ते बाहेरूनच नमस्कार करून परतले. पुढचा दीड तास बसमध्ये कुणी मोठ्याने बोललं नाही.

हे सगळं झालं नेहमीचं. पण माझ्या मते तुमची खरी परीक्षा वेगळीच आहे. 'सोबतचे' म्हणजे कोण, हे गेल्या पंधरा-वीस वर्षांत पार बदललंय आणि कमिट्यांच्या पत्रिका अजून जुन्याच आहेत. अजूनही 'लेडीज प्रोग्रॅम' म्हणून मेंदी, साडी ड्रेपिंग आणि सॅलड डेकोरेशन छापतात. मागच्या एका परिषदेत मी शनिवारी अकरा वाजता त्या खोलीत डोकावलो. तेवीस बायका मेंदी काढत होत्या, आणि कोपऱ्यात चार पुरुष, गळ्यात 'अकम्पनिंग पर्सन' असा गुलाबी बॅज. एक इंजिनिअर, एक बँकेतले, एक शेतकरी, एक शाळेचे हेडमास्तर. चौघांच्याही बायका आत पेपर वाचत होत्या. हेडमास्तरांनी हात पुढे करून विचारलं, "काढू का हो आमच्याही?" हसलो सगळे, पण मला वाईट वाटलं. या माणसांनी पैसे भरले होते.

म्हणून कार्यक्रमाच्या नावातून 'लेडीज' काढा, आणि आवडीप्रमाणे छोटे गट ठेवा. या गावात त्याला कमी नाही. पैठण पन्नास किलोमीटरवर. तिथं मागावर पैठणी कशी विणतात ते बघायला पुरुषही खिळून बसतात, कारण ते निव्वळ इंजिनिअरिंग आहे. विणकर पदराची मागची बाजू उलटून दाखवतो आणि ती पुढच्यासारखीच साफ असते, तेव्हा किंमत आपोआप समजते. त्याच फेरीत नाथांची समाधी होते. कॅमेरावाल्यांसाठी नाथसागर: जानेवारीत पाणपक्ष्यांचा हंगाम असतो, पण मग पहाटे पाचला निघायची तयारी हवी. दहा जण पुरेत, एक छोटी गाडी. ज्यांना लांब जायचं नाही त्यांच्यासाठी दोन तासांची शहरफेरी: भडकल दरवाजा, पाणचक्की, बीबी का मकबरा. पाणचक्कीला मलिक अंबरच्या नहरींची गोष्ट नीट सांगणारा माणूस मिळाला तर प्लंबिंगसारखा रुक्ष विषयही रंगतो. डोंगरातलं पाणी जमिनीखालून, पंपाशिवाय गावात आणणं सोपं नव्हतं. त्या रात्री शहागंजकडे नान-खलिया खायला नेलंत तर तुमच्या बँक्वेटपेक्षा तीच आठवण लोक काढतील. शाकाहाऱ्यांची सोय मात्र आधी बघा.

आणि एक खोली. हीच मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि पत्रिकेत ती कुठंच छापलेली नसते. तान्ही बाळं घेऊन येणाऱ्या डॉक्टर मुली आता खूप आहेत. मुख्य हॉलला लागून एक स्वच्छ खोली घ्या: पडदा, दोन आरामखुर्च्या, गाद्या, गरम पाणी, एक विश्वासू आया, आणि भिंतीवर टीव्ही, ज्यावर हॉलमधलं व्याख्यान थेट दिसेल. बाळ सोडून जायचं पाळणाघर करू नका. ती जबाबदारी आपल्याला पेलणारी नाही. आई किंवा बाबा तिथंच असतील असाच नियम ठेवा. पहिल्यांदा आम्ही हे केलं तेव्हा खजिनदारांनी खर्चावर कपाळाला आठ्या घातल्या. शनिवारी दुपारी त्या खोलीत एक रेसिडेंट मांडीवर बाळ घेऊन, दुसऱ्या हाताने नोट्स काढत होती. खजिनदारांनी दारातूनच पाहिलं आणि परत फिरले. नंतर त्या बिलावर त्यांनी एक अक्षर काढलं नाही.

पैशांचं म्हणाल तर सहल कधीच रजिस्ट्रेशनमध्ये घालू नका. एकट्याने आलेला पीजी दुसऱ्याच्या कुटुंबाच्या बसचं भाडं का भरेल? सोबतच्यांच्या फीमध्ये बॅज, जेवणं, उद्घाटन, बँक्वेट एवढंच धरा. प्रत्येक सहलीचं तिकीट वेगळं, आगाऊ, आणि ठरावीक तारखेपर्यंतच परत मिळणारं. फुकट ठेवलं की लोक 'असू दे' म्हणून नाव देतात. माझ्या अनुभवात अशा दहांतले सहाच बसपाशी येतात. दोनशे रुपये जरी घेतले तरी नऊ येतात. लेण्यांचं तिकीट भारतीयांना चाळीस रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना मोफत. परदेशी पासपोर्टवाल्यांना सहाशे, तेव्हा अमेरिकेहून येणाऱ्या वक्त्यांचं आधी विचारून घ्या. फर्दापूरच्या बसचे पैसे निराळे.

औषध कंपनीच्या खात्यातून सहल तर अजिबात नको. डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटी, प्रवास, पाहुणचार घेण्याला आचारसंहितेत २००९ सालीच मनाई झाली. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या औषध विभागाने कंपन्यांसाठी जी संहिता आणली, तिच्यात डॉक्टरांच्या कुटुंबीयांचा प्रवास आणि पाहुणचारही स्पष्टपणे बसवलाय. वक्त्यांची गोष्ट वेगळी, पण अजिंठ्याच्या बसमध्ये बसलेल्या कुणाचीच ती नाही. "नुसता बसवर बॅनर लावतो हो सर" असं म्हणणारा एरिया मॅनेजर येईलच. त्याला चहा पाजा, आणि स्टॉलची जागा दाखवा.

हॉल रिकामे पडण्याची भीती खरी आहे. डॉक्टरी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी क्रेडिट पॉइंट हवे असतात, मेडिकल कौन्सिलचे निरीक्षक येऊन बसतात, आणि समोर वीस टाळकी असली की सगळ्यांचीच मान खाली जाते. यावर माझा उपाय साधा आहे: डेलिगेटचा बॅज दाखवून शुक्रवार-शनिवारच्या सहलीचं तिकीट मिळतच नाही. फक्त गुलाबी बॅजला. पहिल्या वर्षी दोन वरिष्ठ माझ्यावर चिडले, पण एका ऑर्थोपेडिकने तर शक्कल लढवून बायकोचा बॅज घातला. ती एंडोक्रिनॉलॉजिस्ट, त्याच्या जागी हॉलमध्ये बसली. त्याला मी काय म्हणणार?

डेलिगेट आणि सोबतचे दोघांसाठी एकत्र असं फार ठेवू नका. शनिवारची बँक्वेट आणि रविवारी पहाटेची गोगाबाबा टेकडी, एवढं पुरे. बँक्वेटबद्दल दोनच गोष्टी. उघड्यावर करणार असाल तर दहा वाजता स्पीकर बंद होणार हे गृहीत धरून आखा. भाषणं साडेसातला संपली, जेवण साडेआठला सुरू झालं, तरच गायला वेळ उरतो. दारू ठेवणार असाल तर उत्पादन शुल्कचा परवाना वेळेत काढा, आणि त्या तारखेला ड्राय डे नाही ना ते तपासा. आणि गाणारे डॉक्टर प्रत्येकी एक गाणं. 'अजून एक' म्हणणारा माईक परत देत नाही, हे मी स्वतः गायक असल्याने सांगतोय.

टेकडीवर प्रथमोपचाराची पेटी न्या. हसू नका. एका पहाटे चाळीस डॉक्टर वर चढले, एका बालरोगतज्ज्ञाचा घोटा मुरगळला, आणि चाळीस जणांत मिळून एक क्रेप बँडेज नव्हतं. शेवटी एका वहिनींच्या ओढणीने पाय बांधला. बसमध्येही पेटी, ग्लुकोज आणि पाण्याच्या दोन जादा पेट्या हव्यातच. प्रत्येक बसला डोकी मोजणारा एक माणूस, आणि तो डॉक्टर नको. डॉक्टर गप्पांत रमतो. आमच्याकडे ऑपरेशन थिएटरचे वॉर्डबॉय हे काम करतात. गॉज मोजायची सवय असल्याने माणसंही चुकत नाहीत.

किती गट, किती बसेस, हे मात्र तुमच्या रजिस्ट्रेशनवर आहे. दीडशे म्हणालात, त्यातले किती जण मुंबई-पुण्याचे आणि किती विदर्भातले, किती आई-वडील, किती जोडपी, यावर आखणी फिरते. फॉर्ममध्ये चार प्रश्न वाढवा: वय, चढता येतं का, जेवणाची पथ्यं, आणि परतीची गाडी कोणती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आकडा बघून बस ठरवा. त्याआधी ठरवली तर पैसे बुडतात, आणि त्यानंतर लग्नसराईवाले सगळ्या गाड्या घेऊन जातात.

राहिला तुमचा घरगुती प्रश्न: मिसेसना कमिटीत घेऊ का? आधी त्यांना विचारा. कमिटीत बसायला त्या 'हो' म्हणतील की नाही, मला माहीत नाही. पण त्यांच्याकडून एक काम जरूर करून घ्या. डिसेंबरमधल्या एखाद्या शनिवारी पहाटे साडेसहाला दोघं मिळून हाच अजिंठ्याचा प्रवास करा, पाहुणे म्हणून. स्वच्छतागृह कुठं आहे, ते वापरण्याजोगं आहे का, सिल्लोडला चहा कुठं बरा मिळतो, फर्दापूरची रांग किती, पायऱ्या चढून दम कुठं लागतो, हे सगळं त्यांना वहीत लिहायला सांगा. तुम्ही लिहू नका, तुमचं लक्ष फोनकडे असणार. ती वही मला पाठवा, मी माझी जुनी टिपणं त्यात भरून देतो. शनिवारी जमलं नाही तर दुसरा कुठलाही वार चालेल. सोमवार सोडून.